वाणगावातला दुसरा लॅपटॉप

मॉडेल एकदा फिरवायचं म्हटलं की मी उठून गॅसवर चहाचं भांडं ठेवायचे. चहा उतू जायच्या बेताला आला की टेबलाशी परत यायचे, तोवर स्क्रीनवरचा पंप कसाबसा अर्ध्यावर वळलेला असायचा. पूर्ण वळेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्या उन्हाळ्यात मी फार चहा प्यायले.

मी घरी बसून ड्रॉइंग करते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत टाक्या, रसायनं शिजवायचे रिअ‍ॅक्टर, पाइपांचे सांगाडे बनवणारी लहान लहान वर्कशॉप आहेत. लोखंड कापायच्या आधी त्यांना सगळं कागदावर लागतं, आणि कागदाच्याही आधी कॉम्प्युटरवर तिन्ही बाजूंनी उभं केलेलं, म्हणजे मॉडेल. ते मी करून देते. माझे वडील साताऱ्याकडून इथे वीज प्रकल्पात नोकरीला आले, मी बोईसरच्या कॉलनीत वाढले आणि लग्नानंतर पालघरला आले. नवरा बोईसरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी जे टेबल आहे ते माझं ऑफिस.

माझा लॅपटॉप जुना आणि वजनदार. मांडीवर घेतला तर पाय बधिर होतील असा. आधी मी बोईसरच्या एका छोट्या कंपनीत ड्रॉइंगचं काम करायचे, तिथला तो. मालकांनी कंपनी बंद केली तेव्हा यंत्रं विकली, पण ड्रॉइंग विभागातले दोन लॅपटॉप ज्यांचे त्यांना देऊन टाकले. त्यातल्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही नावावर करून दिलं. ते लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं आहे. आता तेच सॉफ्टवेअर दरवर्षी भाड्याने घ्यावं लागतं आणि ते माझ्यासारखीला झेपणारं नाही. त्यामुळे नवा लॅपटॉप घे म्हणणाऱ्यांना मी फक्त मान हलवून दाखवते.

त्या उन्हाळ्यात बोईसरच्या एका मोठ्या वर्कशॉपचं काम पहिल्यांदाच मिळालं. एकाच लोखंडी चौकटीवर दोन पंप, उष्णतेची देवाणघेवाण करणारी दोन भांडी आणि त्यांच्यामधून जाणारे पाइप. तिथल्या इंजिनिअरने सांगितलं होतं, "हे नीट झालं तर पुढचीही तुम्हालाच देऊ." इतकं मोठं मॉडेल माझ्या मशीनने कधी पाहिलंच नव्हतं. पहिले काही दिवस चहावर निभावलं. मग एका सकाळी स्क्रीनवर हिरव्या उभ्या रेघा आल्या, थरथरल्या आणि तशाच राहिल्या. बंद करून चालू केला तर गेल्या. दुपारी परत आल्या.

बोईसर स्टेशनजवळ एका जिन्याखाली लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार मूळचा उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा, डोळ्यावर घड्याळजीसारखं भिंग लावून बसणारा. मी त्याला रेघा दाखवल्या आणि विचारलं, स्क्रीनवरचं चित्र उभं करणारं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळेल का, शक्यतो जास्त ताकदीचं.

"मॅडम, लॅपटॉप में कार्ड बदलता नहीं है. बोर्ड पे चिपका रहता है," तो म्हणाला. तरी त्याने मागचं झाकण उघडलं आणि थबकला. "अरे. इसमें तो अलग लगा है. निकलता है ये!"

त्याने ते कार्ड मला बोटाने दाखवलं. तळहाताएवढी हिरवी पाटी, एका खाचेत बसवलेली. माझ्या लॅपटॉपच्या पोटात काय आहे हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होते. त्याने मुंबईला फोन लावले, चार दिवसांत जुन्या बाजारातून दुप्पट ताकदीचं कार्ड मागवलं. ते आलं, खाचेत बसलंसुद्धा. पण अडलं ते दुसरीकडेच. कार्डाची उष्णता ओढून घ्यायला त्याच्यावर तांब्याच्या नळ्यांची एक जाळी बसते, तिला हीटसिंक म्हणतात. माझी हीटसिंक जुन्या लहान कार्डासाठी बनलेली. नव्या कार्डाच्या चिपपर्यंत ती पोचतच नव्हती. दुकानदाराने मधल्या फटीत कागद सरकवून दाखवला.

"ऐसे चलाया तो दस मिनट में जल जाएगा," तो म्हणाला. "बडावाला हीटसिंक चाहिए, इसी मॉडल का. बाजार में नहीं मिलेगा, मैंने पूछ लिया. किसी के पास यही मशीन बंद पडी हो तो देखो."

मी म्हटलं, "बघते."

बघायचं काही नव्हतं. हे मशीन बोईसर-पालघर पट्ट्यात आणखी कोणाकडे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ते वाणगावला होतं, दादांकडे. आणि दादांशी मी चार वर्षं बोलले नव्हते.

दादा म्हणजे कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, वाणगावच्या बाजूचे, घरी वाडी आणि मिरचीची शेती. त्यांनी पेन्सिल आणि ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य काढलेलं. मी नवीन आले तेव्हा मला कॉम्प्युटर येत होता पण भांड्यातलं काही कळत नव्हतं. रिअ‍ॅक्टर आतून कसा दिसतो, वेल्डिंग करणाऱ्याचा हात कुठे पोचतो आणि कुठे नाही, हे त्यांनी शिकवलं. मी त्यांना माऊस धरायला शिकवला. ते मला 'बाय' म्हणायचे, त्यांच्याकडे घरातल्या मुलीला म्हणतात तसं. मी काढायचं आणि त्यांनी तपासायचं, अशी आमची जोडी. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन सह्या लागतात, काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची.

कंपनी बंद व्हायच्या वर्षभर आधी एक रिअ‍ॅक्टरचं झाकण उलटं बनलं. उलटं म्हणजे आरशात दिसावं तसं. झाकणावर नळ्या जोडायची जी तोंडं होती ती डावीकडची उजवीकडे गेली. महागड्या स्टीलचं झाकण, कापून पुन्हा बनवावं लागलं. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं होतं. मालक चिडले नव्हते, पण "हे कसं झालं?" असं त्यांनी विचारलं. मी काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "दादांनी चेक केलं होतं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "हो. सही माझी हाय."

एवढंच. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलणार होते, पण ते सरळ आपल्या टेबलाकडे गेले. त्या वर्षी त्यांची पगारवाढ झाली नाही, माझी झाली. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलायचो. मी त्यांच्या नजरेला नजर देईनाशी झाले. कंपनी बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी सगळे एकमेकांना भेटत होते आणि मी डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. नंतर कळलं की त्यांनी ड्रॉइंगचं काम सोडलं, पूर्णवेळ शेतीत गेले. त्याचं ओझं वेगळंच. मला वाटायचं, माझ्यामुळे सोडलं.

दुकानातून परत आले त्या संध्याकाळी नवरा पहिल्या शिफ्टहून येऊन जेवायला बसला होता. मी त्याला हीटसिंकचं सांगितलं.

"मग दादांना फोन कर ना," तो म्हणाला. "नंबर आहे ना?"

"आहे."

"मग? ते असल्या गोष्टी धरून बसणारे वाटत नाहीत. आणि चूक तर त्यांचीच होती."

हे त्याला मीच सांगितलं होतं, तेव्हा. तपासायचं काम त्यांचं, त्यामुळे चूक त्यांची, असं. मी पोळी करत होते. ती तव्यावर तशीच ठेवून मी वळले आणि म्हटलं, "चूक माझी होती. झाकण मी उलटं काढलं. आणि विचारल्यावर मी त्यांच्यावर ढकललं."

तो जेवायचा थांबला. "तू मला तेव्हा वेगळं सांगितलं होतंस."

"हो."

पोळी करपल्याचा वास आला तेव्हा मी तवा उतरवला. त्याने जेवण संपवलं. मग स्वतःचं ताट उचलून धुवून ठेवलं आणि म्हणाला, "आता हीटसिंकसाठी म्हणून नको करूस फोन. पण कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचंच ऐकून मी फोन केला, आणि पहिलंच वाक्य हीटसिंकचं बोलले. धीरच झाला नाही. पलीकडे पाखरांचा आवाज येत होता, पाण्याची मोटर चालू होती.

"दादा, मी बोलतेय. कंपनीतली. तो आपला लॅपटॉप होता ना, तुमचा आहे अजून?"

"कोण, बाय?" ते म्हणाले. जसं काही मी काल संध्याकाळी ऑफिसातून निघाले होते. "हाय की. मेलेला हाय, पण हाय. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "मोठी हीटसिंक माझ्याकडं हाय. कंपनीत शेवटच्या वर्षी मी बी तसंच कार्ड बदललेलं. ये तू. चार्जर घेऊन ये, आणि जुनं कार्ड फेकू नको, लागंल."

मी स्कूटरवर निघाले. लॅपटॉप चादरीत गुंडाळून पायाशी ठेवला होता, कार्डाचा डबा पर्समध्ये. कामाच्या सगळ्या फाइली आदल्या दिवशीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवल्या होत्या, तो नवऱ्याने स्वतःच्या खिशात घातला होता. बोईसर मागे पडलं तसा ट्रकांचा धुरळा कमी झाला आणि दोन्ही बाजूंना शेतांवरच्या पांढऱ्या-हिरव्या जाळ्या दिसायला लागल्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. वाणगाव येईपर्यंत एकही धड जुळलं नव्हतं.

दादा अंगणात उभे होते. केस पांढरे झालेले, रंग रापलेला, पण ऑफिसातल्यापेक्षा बरे दिसत होते. तिथे त्यांना सारखा खोकला असायचा, तो नव्हता. वहिनींनी पाणी आणलं. घरामागे शेडनेट, म्हणजे जाळीचा मोठा मांडव, त्यात ढोबळी मिरची. त्याच्या पुढ्यात एक शेड होती, तिथे मिरच्या क्रेटमध्ये भरतात. शेडमधल्या लांब टेबलावर त्यांनी आधीच जागा करून ठेवली होती. खताच्या रिकाम्या गोणीतून त्यांनी आपला लॅपटॉप काढला.

दोन्ही मशीनं शेजारी शेजारी ठेवली. कंपनीत ठेवलेली असायची तशीच, माझं डावीकडे.

"हा कसा गेला?" मी विचारलं.

"कंपनीतनं आणला तवा भावाच्या बोईसरच्या खोलीवर ठेवलेला दोन पावसाळे. तिथल्या केमिकलच्या हवेनं बोर्ड काळा पडला." त्यांनी झाकण उघडून दाखवलं. बोर्डावरच्या तांब्यावर खरंच काजळी धरल्यासारखं दिसत होतं. "पण हीटसिंक चांगली हाय बघ."

ते स्क्रू काढायला लागले. स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी रोपं लावायचा प्लॅस्टिकचा ट्रे घेतला होता, त्याच्या एकेका खळग्यात एकेका जागचे स्क्रू. मी माझ्या मशीनचे काढत होते.  चौथा की पाचवा स्क्रू निघाला तेव्हा मी वर न बघता म्हटलं, "दादा, त्या झाकणाचं. मी केबिनमध्ये तुमच्यावर ढकललं. मला माफ करा."

ते थांबले नाहीत. स्क्रू काढतच राहिले.

"राग आलेला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. वरीसभर होता. चूक झाली त्याचा नव्हता, चुका होतात. तू माझ्याकडं न बघता बोललीस त्याचा होता."

"माझ्यामुळे तुम्ही काम सोडलंत."

आता त्यांनी वर पाहिलं आणि चक्क हसले. "काम? बाय, मला ते काम कधी सोडायचं असं झालेलं. त्या माऊसनं मनगट गेलेलं माझं. बाबा गेल्यावर वाडी बघायला कोण होतं? कंपनी बंद झाली तवा मी तर देवाला नारळ फोडला. तुला काय वाटलं, तुझ्यामुळं?"

 मी चार वर्षं एक गोष्ट उराशी धरून बसले होते आणि त्यातली निम्मी मुळात झालेलीच नव्हती. हसू की रडू असं झालं. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कप टेबलावर ठेवून गेल्या.

कार्ड बसलं. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी सुकलेली पेस्ट पुसून दादांनी चिपवर तांदळाएवढी नवी पेस्ट लावली आणि मोठी हीटसिंक वरून बसवली. यावेळी फटीत कागद गेला नाही. मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आतून काही वेळा पिप-पिप झालं आणि स्क्रीन काळीच राहिली.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबायला गेले तर दादांनी माझा हात धरला.

"थांब. माझं बी असंच झालेलं." ते कपाळ चोळत बसले. "काय केलेलं मी... हां. बायोस."

बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. तो जुना असेल तर त्याला नवं कार्ड ओळखता येत नाही आणि तो पुढे जातच नाही. म्हणजे आता सगळं पुन्हा उघडायचं, जुनं कार्ड परत बसवायचं, बायोस नवा करायचा आणि मग पुन्हा नवं कार्ड. जुनं कार्ड फेकू नको असं ते का म्हणाले ते आता कळलं.

जुनं कार्ड बसवलं. हिरव्या रेघांसकट स्क्रीन उजळली तेव्हा मला त्या रेघाही आपल्याशा वाटल्या. फोनवरून नेट जोडून बायोसची फाइल उतरवली. ती चालवायला घेतली तर पाटी आली, बॅटरी पुरेशी चार्ज नसेल तर हे करता येणार नाही. माझी बॅटरी कधीच गेलेली. चार्जर काढला की मशीन बंद, असंच मी दोन वर्षं चालवत होते.

"बरोबर हाय त्याचं," दादा म्हणाले. "बायोस लिहिताना लाईट गेली तर मशीन कायमचं गेलं. आणि आमच्याकडं लाईट..." त्यांनी वर बल्बकडे बघून हात हलवला. मग आपल्या मेलेल्या लॅपटॉपची बॅटरी काढून माझ्या मशीनला लावली. ती रिकामी होती, पण चार्ज व्हायला लागली.

तासभर तरी लागणार होता. वहिनींनी जेवायलाच बसवलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कालवण आणि कच्च्या कैरीचे तुकडे. दादा मिरचीच्या भावाबद्दल नाही, मिरचीवर पडणाऱ्या किडीबद्दल बोलत होते. पान वळलं की कोणती कीड आहे हे कसं ओळखायचं, ते मला अगदी पूर्वी वेल्डिंगचं समजावायचे त्याच सुरात सांगत होते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. केबिनमधल्या त्या दिवसानंतर मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यांदाच जेवत होते. पूर्वी रोज आमचे डबे एकत्रच उघडायचे.

जेवून आलो तर बॅटरी भरली होती. मी फाइल चालवली. एक निळी पट्टी आली आणि हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. खाली लिहिलं होतं, मशीन बंद करू नका. पट्टी अर्ध्यावर गेली असेल आणि शेडमधला पंखा मंदावला. मागच्या बाजूची मोटर बंद पडली. लाईट गेली होती.

आम्ही दोघंही हललो नाही. शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की लॅपटॉपच्या आतला छोटा पंखा ऐकू येत होता. स्क्रीन चालू होती. पट्टी सरकत होती. दादा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक देवाचं नाव.  पट्टी शेवटाला टेकली, स्क्रीन काळी झाली, आणि मग मशीन आपलं आपण सुरू झालं.

"झालं," दादा म्हणाले आणि खाली एका क्रेटवर बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "शेतीत बरं हाय बाय. एवढी धाकधूक नसते."

लाईट यायला वेळ लागला. आल्यावर तिसऱ्यांदा स्क्रू काढले. आता मला ट्रेकडे बघावंही लागत नव्हतं. नवं कार्ड, नवी पेस्ट, मोठी हीटसिंक. बटण दाबलं. पिप-पिप झालं नाही. स्क्रीन उजळली, सगळं आधी मोठं मोठं आणि फिकट दिसलं, मग कार्डाचं सॉफ्टवेअर टाकल्यावर जागच्या जागी आलं. एकही रेघ नाही.

मी दोन पंपांचं मॉडेल उघडलं आणि माऊसने फिरवलं. ते हाताबरोबर फिरलं. मी थांबले की थांबलं. खाली नेलं, वर नेलं, पाइपाच्या आत शिरले, मागून बाहेर आले. मी ते इतक्या वेळा फिरवलं की दादा म्हणाले, "घेरी येईल त्याला."

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले. "ते झाकण हाय का यात?"

मला कळलं ते कशाबद्दल विचारतात. कंपनीतल्या सगळ्या जुन्या फाइली त्यात होत्या. ती मी कधी उघडली नव्हती, पण पुसलीही नव्हती. मी ती शोधून उघडली. अख्खा रिअ‍ॅक्टर समोर उभा राहिला. दादांनी चष्मा लावला आणि बोटानेच खुणावलं, वर ने, आता खाली ने. मी फिरवत गेले. मिनिटभरात ते म्हणाले, "हं. खालून बघून काढलंस. वरून बघायला पायजे होतं."

"हो."

"मला एका मिनटात दिसलं." त्यांनी चष्मा काढला. "तवा बी दिसलं असतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात टाकलेलं. मी ऑफिसात यायचो आणि माझं डोकं तिकडं. तू ड्रॉइंग ठेवलंस, मी सही केली. उघडून बघितलं नाय. एकदा बी नाय." ते टेबलावरचा एक सुटा स्क्रू बोटाने इकडेतिकडे सरकवत होते. "मालक विचारत होते तवा सांगायला पायजे होतं, मी न बघता सही केली. ते मला बी सांगवलं नाय. नुसतं म्हटलं, सही माझी हाय. ऐकणाऱ्याला वाटावं, मोठा माणूस."

"मी तेच समजत होते," मी म्हटलं. "मोठेपणाने पांघरूण घातलंत असं."

"मग आता नको समजू."

मी झाकण स्क्रीनवर पुन्हा वरच्या बाजूने आणलं. मग दादांनी स्वतः हात पुढे करून माऊस धरला, मी शिकवला होता तसाच, जरा जास्त घट्ट. त्यांनी रिअ‍ॅक्टर एकदा पूर्ण गोल फिरवला. "भारी फिरतो पण," म्हणाले.

निघताना मी विचारलं, यापुढे माझी ड्रॉइंग तपासून द्याल का, मोठी कामं आली तर. मला वाटलं होतं ते हो म्हणतील. ते म्हणाले, "नाय गो. डोळे थकले आता, आणि मनही नाय. तू दुसऱ्या दिवशी सकाळी आपलंच काम परक्याचं असल्यासारखं बघ. पुष्कळ दिसतं." मग त्यांनी आपल्या लॅपटॉपचे बाकीचे भागही गोणीत भरून मला दिले. पंखा, कीबोर्ड. बॅटरी तर लावलेलीच होती. "माझ्याकडं धूळ खाणार. तुझ्या म्हाताऱ्याला लागंल कधीतरी." वहिनींनी मिरच्यांची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या म्हणून बजावलं.

परतीच्या रस्त्यावर मी बोईसरला दुकानदाराकडे थांबले, फक्त मशीन चालू करून दाखवायला. त्याने भिंग वर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं, मागच्या जाळीवर तळहात ठेवून ऊब तपासली. "जोडीदार मिल गया?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही बोलावून दाखवलं, देखो, लॅपटॉप में कार्ड बदला है.

घरी आल्यावर नवऱ्याने काय झालं एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं, बायोसपासून बोंबलाच्या कालवणापर्यंत. दवाखान्याचं आणि सहीचंही. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे दोघंही गप्प." मग खिशातला पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. दिवसभर तो त्याने कारखान्यातही खिशात वागवला होता.

पुढचे चार दिवस मी काम केलं. चहा सकाळ-संध्याकाळचाच. दादांनी सांगितलं होतं तसं, प्रत्येक शीट दुसऱ्या दिवशी सकाळी परक्याचं म्हणून पाहिलं. एका ठिकाणी पाइपाचा आधार चौकटीच्या बाहेर जात होता, तो सापडला. दुसरीकडे एक वॉल्व्ह असा बसवला होता की तो फिरवायला माणसाला पंपावर चढावं लागलं असतं. तोही सापडला. सोमवारी सकाळी सगळं वर्कशॉपच्या इंजिनिअरला पाठवून दिलं आणि फोन उलटा करून ठेवला.

दुपारी त्याचा फोन आला. त्याने दोन बारीक बदल सांगितले, ते त्यांच्याच बाजूचे होते. मग म्हणाला, "बाकी ठीक आहे. कापायला घेतो." ड्रॉइंगच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

मी दोन्ही बदल करून पाठवले. लॅपटॉप बंद केला, त्याच्यावर सुती टॉवेल टाकला. बाहेर कडक ऊन होतं. मी खिडकीचा पडदा ओढला, चटई टाकली आणि भरदुपारी झोपले. स्वयंपाक, भांडी, सगळं तसंच टाकून. नवरा शिफ्टवरून आला, त्याने किल्लीने दार उघडलं, भांडी घासली, कुकर लावला, आणि यातलं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.